एका क्लिकवर इंदापूर?

तिकीट, हॉटेल, नकाशा, पक्षी, लांडगे, धरणातलं पाणी... सगळं ऑनलाइन सापडतं. सापडत नव्हतं ते फक्त आजीचं गाव. बारामती-इंदापूरच्या एका वीकेंडची ही स्टेप बाय स्टेप गोष्ट.

शुक्रवार, दुपारचे साडेतीन. हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात या वेळी कोणीच काम करत नसतं, फक्त सगळे गंभीर चेहऱ्याने स्क्रीनकडे बघत असतात. शेजारचा गोव्याची फ्लाइट शोधत होता, समोरची दापोलीचा होमस्टे. माझ्या स्क्रीनवर सतरा टॅब उघडे होते आणि त्यात समुद्र कुठेच नव्हता.

‘‘कुठे चाललीस?’’ शेजारच्याने मान लांब करून विचारलं.

‘‘बारामती-इंदापूर.’’

‘‘लग्न आहे का कोणाचं?’’

त्याला तरी काय बोलणार? आपल्यासाठी बारामती म्हणजे निवडणुकीची बातमी आणि इंदापूर म्हणजे सोलापूर हायवेवरचा चहाचा ब्रेक. तिथे वीकेंडला कोणी मुद्दाम जातं का? जातं. माझ्याकडे तर त्यासाठी एकदम सॉलिड कारण होतं. आजी!

माझी आजी सत्त्याहत्तर वर्षांची आहे. लग्न होऊन ती आली इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवला, भीमेच्या काठी. ते पळसदेव आज नाही. म्हणजे आहे, पण पाण्याखाली. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, भीमेचं पाणी मागे फुगत आलं आणि काठची गावं उठली. आताचं पळसदेव पुणे-सोलापूर हायवेवर आहे, त्याचा बोर्ड तुम्हीही पाहिला असेल. जुन्या गावातलं पळसनाथाचं दगडी देऊळ मात्र जागच्या जागी राहिलं. धरण फारच खाली गेलं, की एखाद्या उन्हाळ्यात ते पाण्याबाहेर येतं. मग पेपरात फोटो, व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ आणि बघायला ही गर्दी! आजी दर वेळी तो व्हिडिओ तीनदा बघते आणि म्हणते, ‘‘पुढल्या टायमाला जाऊ.’’

तो पुढला टाइम यायला किती वर्षं लागली, त्याची कथा पुढे.

स्टेप १ : तारीख ठरवा

कुठलीही ट्रॅव्हल साइट उघडा. ‘जाण्यासाठी उत्तम काळ : नोव्हेंबर ते फेब्रुवारी.’ रोहित पक्ष्यांसाठी, म्हणजे आपल्या फ्लेमिंगोंसाठी, ते अगदी बरोबर आहे. त्यासाठी ई-बर्ड बघा. पक्षीनिरीक्षकांनी केलेल्या नोंदींची ही साइट कॉर्नेल विद्यापीठाच्या पुढाकाराने २००२ पासून चालू आहे. तिथे एखाद्या जागेचा बार चार्ट उघडला, की कुठला पक्षी कुठल्या आठवड्यात दिसण्याची शक्यता जास्त आहे, ते एका नजरेत कळतं.

पण आजीचं देऊळ बार चार्टवर नव्हतं. त्यासाठी मला धरणाचे आकडे शिकावे लागले. उजनीची क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातलं निम्म्याहून जास्त पाणी मृत साठा, वरचं सुमारे ५३ टीएमसी उपयुक्त. उपयुक्त साठा संपून पाणी आणखी उतरलं, की आकडा उणे होतो. इकडचे लोक सहज म्हणतात, ‘उजनी मायनस वीस झाली.’ हा आकडा जलसंपदा विभागाच्या रोजच्या माहितीत आणि स्थानिक बातम्यांत मिळतो.

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये खूप खोल गेली. मी कुठे होते? प्रोजेक्टच्या गो-लाइव्हमध्ये. पुढच्या वर्षी मात्र मी तयारीत होते. एक्सेल शीट केली, रोज सकाळी कॉफीबरोबर आकडा भरायचा. आकडा उतरला, की मी खूश. एप्रिलमध्ये पळसदेवच्या चुलतकाकांना फोन लावला आणि उत्साहात म्हटलं, ‘‘काका, मस्त उतरतंय की!’’

काका जरा गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘पोरी, उतरतंय म्हंजी आमाला मोटारीचा पाइप रोज पुढं सरकवावा लागतोय. ऊस वाळाया लागलाय.’’

मी फोन ठेवला आणि ती शीट बंद केली. मी ज्या आकड्याची वाट बघत होते, त्याच आकड्याला हे लोक घाबरत होते. इकडच्या शेतापासून पार सोलापूरच्या नळापर्यंत सगळ्यांचं पाणी त्या एका टक्केवारीत होतं आणि मला त्यात फक्त आमची ट्रिप दिसत होती.

तरी मे महिन्याचा शेवटचा शनिवार धरून ठेवला होता. पण २५ मे २०२५ च्या सुमारास बारामती, इंदापूर, दौंड भागात असा पाऊस कोसळला, की घरांत पाणी शिरलं आणि बारामतीजवळ निरा डाव्या कालव्याला भगदाड पडलं. हवामानाचं अ‍ॅप, एक्सेल, कॅलेंडर, सगळं वाहून गेलं. ट्रिप कॅन्सल.

शेवटी निकाल आजीनेच लावला. ‘‘देऊळ वर यायची वाट बघत बसले, तर मीच वर जायची. पाणी हाय तर पाणी बघू.’’

तर मंडळी, तारीख ठरली. फेब्रुवारी.

स्टेप २ : तिकीट काढा

स्वारगेटवरून बारामतीला एसटी. अंतर शंभरेक किलोमीटर. एसटीच्या साइटवर किंवा अ‍ॅपवर सीट निवडता येते. सवलतीचा प्रकार मात्र आधी नीट निवडा आणि ओळखपत्र बरोबर ठेवा. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट. म्हणजे आम्हा दोघींचं मिळून किती? अर्धं तिकीट! गोव्याच्या फ्लाइटवाल्याला हे मुद्दाम ऐकवलं.

ट्रेनची हौस असेल तर दौंडहून बारामतीला फाटा जातो. वेळ एसटीपेक्षा जास्त लागतो, पण खिडकीतून जे दिसतं त्याला तोड नाही. सुटण्याची वेळ आदल्या दिवशी पुन्हा तपासा.

स्टेप ३ : मुक्काम बघा

इथे माझी विकेट पडली. बुकिंगच्या साइटवर बारामतीतली एक रूम दिसली. पांढरीशुभ्र चादर, टॉवेलचा हंस, खिडकीतून हिरवळ. प्रत्यक्षात चादर पांढरी होती, हंस नव्हता आणि हिरवळ म्हणजे खिडकीखालच्या मंगल कार्यालयाचं कृत्रिम गवत. रात्री अकरापर्यंत बँड! म्हणजे शेजारच्याचा अंदाज अगदीच चुकला नव्हता, लग्न होतंच.

धडा असा, की हॉटेलने टाकलेले फोटो सोडा, पाहुण्यांनी टाकलेले बघा. रिव्ह्यू वाचताना सर्वात वाईटपासून सुरुवात करा. आणि बुकिंग झाल्यावर एक फोन कराच. ‘लिफ्ट आहे का, बाथरूम कसं आहे, शेजारी काय आहे?’ आजीबरोबर जाताना तर हे तीन प्रश्न मस्ट.

स्टेप ४ : नकाशा उलगडा

आता मजेचा भाग. नकाशा सॅटेलाइट व्ह्यूवर टाका आणि बारामतीवर झूम करा. तालुक्याचे सरळ दोन रंग दिसतात. ब्रिटिशकालीन निरा डाव्या कालव्याच्या बाजूला उसाचा गर्द हिरवा आणि उत्तरेला सुपे, शिर्सुफळच्या बाजूला तपकिरी. आपण टीव्हीवर जी बारामती बघतो ती हिरवी. पण वीकेंडची गंमत तपकिरी रंगात आहे.

तो तपकिरी भाग म्हणजे माळरान. सरकारी भाषेत अशा जमिनीला वर्षानुवर्षं ‘पडीक’ म्हणत आले. पण तिथे चिंकारा आहे, खोकड आहे, तरस आहे आणि लांडगा आहे. पुणे वनविभागाने बारामती तालुक्यात शिर्सुफळला आणि इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला माळरान सफारी सुरू केली आहे. तिचं बुकिंग ऑनलाइन होतं आणि बरोबर गावातलाच गाइड येतो. मी शनिवार संध्याकाळचं बुकिंग केलं आणि आजीला सांगितलं.

‘‘कशाचं तिकीट?’’

‘‘लांडगा बघायचं.’’

‘‘आगं, लांडगा दिसू नये म्हणून आमी रातभर शेळ्या घरात घेऊन निजायचो. आन् तू पैसं भरलंस?’’

शेवटी गाडी. शहरातल्या कॅबच्या अ‍ॅपवर इकडच्या वाटांसाठी गाडी दिसेना. मग हॉटेलवाल्यालाच फोन करून दोन दिवसांसाठी ओळखीचा ड्रायव्हर ठरवला. तो सतरा टॅबपेक्षा भारी निघाला.

स्टेप ५ : निघा!

शनिवारी सकाळी एसटीने साडेनऊला बारामती गाठली. आधी कऱ्हेकाठचं सिद्धेश्वराचं देऊळ, मग मोरोपंतांची आठवण. पन्हाळ्याला १७२९ मध्ये जन्मलेले मोरोपंत बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीत आले आणि १७९४ पर्यंत इथेच राहिले. शाळेत ‘केकावली’ने आपल्याला घाम फोडला, ते हेच. या माणसाने रामायण वेगवेगळ्या प्रकारांनी शंभरावर वेळा लिहिलं म्हणतात. एका रामायणात तर ओठ मिटून उच्चारायचं एकही अक्षर नाही. माझ्या ट्रिपच्या प्लॅनच्या नऊ आवृत्त्या झाल्या होत्या, म्हणून मला जरा धीर आला.

दुपारी शिर्सुफळ. ऊन उतरल्यावर माळ सोनेरी होतो. फोटोत तो रिकामा दिसतो, पण गाइडने बोट केल्यावर एका झुडपामागून चार चिंकारा निघाले आणि उड्या मारत दिसेनासे झाले. एक खोकड बिळाबाहेर येऊन आमच्याकडे बघत बसलं. लांडगा नाही दिसला. गाइड म्हणाला, धनगरांच्या मेंढ्या जिथे बसतात, तिथे तो मागे-पुढे असतोच. आजीने मान डोलावली. ‘‘न्हाई दिसला त्ये बरं झालं. पैसं वसूल.’’

रविवारी पहाटे पाचला निघालो ते कुंभारगावला. भिगवणजवळचं हे गाव उजनीच्या फुगवट्यावर आहे आणि फ्लेमिंगो बघायला बहुतेक सगळे इथेच येतात. नकाशाने ‘नऊ मिनिटं वाचतील’ म्हणत एक शॉर्टकट सुचवला. ड्रायव्हर नको म्हणत होता, मीच हट्ट केला. उसातून, बांधावरून, दोन वळणं घेऊन गाडी थांबली. पुढे रस्ता होता, डांबरीच होता, पण तो सरळ पाण्यात जात होता. स्क्रीनवरची निळी रेघ मात्र आरामात पुढे चालली होती.

‘‘हा जुना रस्ता, मॅडम,’’ ड्रायव्हर म्हणाला. ‘‘धरणाआधीचा.’’

आजी काच खाली करून त्या रस्त्याकडे बघत राहिली. बोलली काहीच नाही.

परत फिरलो, तर मुख्य रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग. गाळपाच्या दिवसांत नकाशातल्या वेळेत अर्धा तास मिळवा. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात आणि त्या कुठल्याच अ‍ॅपला घाबरत नाहीत.

कुंभारगावला होडीत बसलो तेव्हा सूर्य वर आला होता. स्थानिक मच्छीमारच होडी चालवतात, पक्ष्यांची नावंही तेच सांगतात. लांबून गुलाबी-पांढरी रेघ दिसते. जवळ गेलं, की रेघेचे पाय दिसतात, मग वाकड्या चोचीने चिखल चाळणारी डोकी. एका क्षणी सगळा थवा उडाला आणि पंखांखालचा लालभडक रंग उघडला. रोहितला मराठीत अग्निपंख का म्हणतात, ते तेव्हा कळलं. मी फोटो काढायचंच विसरले! नंतर काठावर चिलापीचं कालवण आणि भाकरी. रिव्ह्यू द्यायचा तर पाचपैकी सहा.

स्टेप ६ : जी स्टेप कुठल्याच साइटवर नाही

दुपारी पळसदेवला काकांकडे पोचलो. चहा झाला आणि सगळे पाण्याकडे गेलो. पाणी, पाणी आणि पलीकडे पुसटसा दुसरा काठ. देवळाचा पत्ता नाही. काका म्हणाले, ओळखीच्याची होडी आहे, वरून फिरवून आणतो. लाइफ जॅकेट? ते नव्हतं. २१ मे २०२४ ला याच फुगवट्यात, कळाशी आणि कुगावच्या मध्ये, वादळी वाऱ्यात होडी उलटून सहा जण गेले होते. मी ठाम नाही म्हटलं. आजीसाठी काठावर प्लॅस्टिकची खुर्ची आणली.

मग मी फोन काढला. गुगल अर्थमध्ये जुन्या तारखांची उपग्रहचित्रं बघता येतात. मी घरीच एका कोरड्या उन्हाळ्यातलं चित्र शोधून ठेवलं होतं. पाणी मागे हटलेलं, करडी जमीन आणि तिच्यावर एक लहानसा चौकोन, देवळाचा.

आजीने डोळे बारीक केले. ‘‘ह्यात काय कळतंय? वरनं बघायला आमी काय घारी हाय?’’

मी चौकोनावर बोट ठेवलं. ‘‘हे देऊळ.’’

ती थोडा वेळ बघत राहिली. मग तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि उलटा फिरवला. ‘‘असा धर. नदी हिकडं. देवळातनं भाईर आलं की ही वाट. हितं पार. पाराच्या म्होरं वाण्याचं दुकान. आन् हितनं तिसरं...’’

ती थांबली. काका म्हणाले, ‘‘तिसरं न्हाई, चौथं. मधी तालीम व्हती.’’

‘‘तालीम पल्याड व्हती. मी पाणी आणायची तितनं, तू आणायचास का?’’

वाद पेटला. बांधावरून जाणारे एक म्हातारे गृहस्थ थांबले आणि त्यांनी तालीम तिसऱ्याच जागी नेली. मी मुकाट्याने नकाशा उघडला आणि जसजसं एकमत होत गेलं, तसतशा निळ्या पाण्यात पिना टोचत गेले. पार. दुकान. शाळा. घाट. शेवटी घर. त्या पिनेला नाव काय देऊ, विचारलं, तर आजी म्हणाली, ‘‘आमचंच नाव घाल. दुसऱ्या कुनाचं हाय?’’

सात पिना झाल्या. तालमीचा निकाल अजून लागायचा आहे.

संध्याकाळी इंदापूर. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे इथल्याच लढाईत पडले, त्यांची आठवण जपणारी गढी पाहिली आणि पुण्याची एसटी धरली. बसमध्ये आजीने विचारलं, ‘‘आज धरान किती भरलंय?’’ मी फोन बघून आकडा सांगितला. चांगला होता.

‘‘असू दे भरल्यालं,’’ ती म्हणाली आणि खिडकीला डोकं टेकून झोपली.

सोमवारी ऑफिसात शेजारच्याने विचारलं, ‘‘काय, जेवण कसं होतं लग्नाचं?’’ मी त्याला सात पिनांचा नकाशा दाखवला. तो म्हणाला, ‘‘अगं, सगळ्या पाण्यात पडल्यात. लोकेशन चुकलंय तुझं.’’

नाही चुकलं, बॉस. एकदम करेक्ट आहे. उजनीचा आकडा मी अजूनही रोज कॉफीबरोबर बघते. फक्त तो उतरला, की काय वाटून घ्यावं, ते अजून ठरत नाही.

निघण्याआधी...

• फ्लेमिंगो : हिवाळ्यापासून मार्चपर्यंत, भल्या सकाळी. कुंभारगाव आणि डिकसळ. लाइफ जॅकेटशिवाय होडीत पाऊल टाकू नका आणि थवा उडवण्यासाठी होडी जवळ न्यायचा आग्रह धरू नका.

• माळरान सफारी : बुकिंग ऑनलाइन, आधीच करा. मातकट रंगाचे कपडे घाला, आवाज कमी ठेवा आणि लांडगा दिसेलच असं धरून जाऊ नका.

• मयूरेश्वर अभयारण्य, सुपे : जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, पण चिंकारांसाठी प्रसिद्ध. पुण्याहून बारामतीला जाताना वाट थोडी वाकडी करा.

• नीरा नरसिंहपूर : इंदापूर तालुक्याच्या टोकाला नीरा-भीमेचा संगम आणि लक्ष्मी-नरसिंहाचं देऊळ. एक दिवस जास्त असेल तर नक्की.

• आषाढात : तुकोबांची पालखी बारामती-इंदापूर मार्गाने जाते. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, बेलवडी आणि इंदापूरला गोल रिंगण. त्या दिवसांत रस्त्यांचे बदल आधी तपासा, किंवा सरळ चालायलाच लागा.

• आणि हो : घरात कोणी उजनीकाठचं असेल, तर प्लॅन करण्याआधी त्यांच्यासमोर नकाशा उघडा. पिना त्यांना टोचू द्या.